चंद्रावर पाणी आहे म्हणतात, पण बोअर अजून कुणी मारलेला नाही!

गावात बोअर घ्यायचा म्हटलं की आधी काय होतं? पाणाड्या येतो. तळहातावर नारळ ठेवून रानातून फिरतो आणि एका जागी थांबून म्हणतो, "हितं मारा." कुणी मशीनवाल्याला बोलावून सर्वे करून घेतो. त्याच्या कागदावर तर पाणी दिसतंच दिसतं. पण गाडी रानात उभी राहते, पाइपावर पाइप खाली जातात, तेव्हाच खरं काय ते कळतं. पाणी उसळलं तर पेढे, नुसता फुफाटा उडाला तर डोक्यावर कर्ज.

सध्या चंद्रावर नेमकं हेच चाललंय. भारत, अमेरिका, चीन, जपान या सगळ्यांचा रोख चंद्राच्या एकाच कोपऱ्याकडे आहे, तो म्हणजे दक्षिण ध्रुव. कारण एकच, पाणी. मोबाइलवर तर 'चंद्रावर पाण्याचे प्रचंड साठे सापडले' असे मेसेज रोज फिरत असतात. त्यात खरं किती? आजवर काय कळलंय, पुढच्या मोहिमा कशासाठी आहेत आणि आपला त्यात काय संबंध, हे जरा निवांत समजून घेऊ.

पहिला ठोस पुरावा आपल्याच यानावरून

१९६९ ते १९७२ या काळात अमेरिकेचे १२ अंतराळवीर चंद्रावर उतरले. येताना त्यांनी ३८२ किलो दगड-माती आणली. ती तपासल्यावर शास्त्रज्ञांचं मत बनलं की चंद्र म्हणजे ठणठणीत कोरडा. पुढं १९९८ मध्ये अमेरिकेच्याच 'लुनार प्रॉस्पेक्टर' यानाला दोन्ही ध्रुवांजवळ हायड्रोजन जास्त असल्याच्या खुणा मिळाल्या. हायड्रोजन हा पाण्यातला एक घटक, म्हणून शंका बळावली. पण ती शंकाच होती.

२२ ऑक्टोबर २००८ ला श्रीहरिकोटाहून आपलं चांद्रयान-१ निघालं. त्यावर आपली उपकरणं होती, तशी बाहेरच्या देशांचीही होती. अमेरिकेच्या नासा संस्थेचं एक उपकरण चंद्रावरून परत फिरणाऱ्या उन्हाचं बारीक पृथक्करण करत होतं. पाण्याचा अंश असलेली माती उन्हातला ठरावीक भाग शोषून घेते. तो भाग कमी पडलेला दिसला आणि सप्टेंबर २००९ मध्ये जगाला कळलं, की चंद्राच्या मातीत पाण्याचा अंश आहे.

त्याच्या पुढच्याच महिन्यात, ९ ऑक्टोबर २००९ ला, नासाने रॉकेटचा एक रिकामा टप्पा मुद्दाम दक्षिण ध्रुवाजवळच्या 'कॅबियस' नावाच्या खड्ड्यात आदळवला. जो धुरळा उडाला त्यात सुमारे दीडशे किलो पाणी वाफ आणि बर्फाच्या रूपात असल्याचा अंदाज निघाला. तिथल्या १०० किलो मातीमागं साधारण ५ ते ६ किलो पाणी, असा हिशोब मांडला गेला.

आता इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्या. हा हिशोब एका खड्ड्यातल्या एका जागेचा आहे. बाकी सगळं दुरून घेतलेल्या फोटोंवरून, रडारवरून आणि उन्हाच्या पृथक्करणावरून काढलेलं. म्हणजे सर्वे झालाय. तोही एकदा नाही, अनेकदा झालाय. पण ध्रुवाच्या मातीत ड्रिल घालून 'हा बघा बर्फ, इतका खोल, इतका जाड' असं अजून कुणी दाखवलेलं नाही.

तिथं हवा नाही, मग पाणी टिकलं कसं?

चंद्रावर हवा नाही. उघड्यावरचं पाणी उन्हात उडून जाणार. मग बर्फ राहतो कुठं?

आपली पृथ्वी सूर्याभोवती फिरताना साडेतेवीस अंश कललेली आहे, म्हणून आपल्याला उन्हाळा-हिवाळा मिळतो. चंद्र मात्र जवळजवळ ताठ आहे, त्याचा कल फक्त दीड अंशाचा. त्यामुळं त्याच्या ध्रुवावर सूर्य कधी डोक्यावर येतच नाही. तो कायम क्षितिजाला घासून फिरतो, जसा आपल्याकडं दिवस मावळताना दिसतो तसा. अशा तिरप्या उन्हात खोल खड्ड्याच्या तळाशी ऊन पोचणार कसं? दक्षिण ध्रुवावरचा 'शॅकल्टन' हा खड्डा सुमारे २१ किलोमीटर रुंद आणि ४ किलोमीटर खोल आहे. त्याच्या तळाशी अब्जावधी वर्षं ऊन पडलेलं नाही. अशा खड्ड्यांत तापमान उणे २०० अंशांच्याही खाली जातं.

धूमकेतू आणि लघुग्रह चंद्रावर आदळले, त्यांच्यासोबत पाणी आलं. सूर्याकडून येणाऱ्या कणांतल्या हायड्रोजनमुळंही थोडं पाणी तयार होतं. त्यातलं बरंचसं उडून गेलं. जे भटकत या सावलीतल्या खड्ड्यांत जाऊन पडलं, ते गोठून अडकलं. शास्त्रज्ञांचा अंदाज असा आहे. अंदाज पक्का करायचा, तर खणावं लागेल.

एका लिटरचा भाव १० कोटी!

कुणी म्हणेल, पाणी प्यायला लागत असेल तर इथूनच कॅन भरून न्या की. तर त्याचाही हिशोब करू.

चंद्रावर सामान पोचवून देण्यासाठी अमेरिकेतल्या एका खासगी कंपनीने जाहीर केलेला दर होता किलोला १२ लाख डॉलर. आपल्या पैशात सुमारे १० कोटी रुपये. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. म्हणजे एक लिटर पाणी चंद्रावर न्यायचं भाडं १० कोटी.

जलजीवन मिशनमध्ये आपल्याला माणशी रोज ५५ लिटर पाण्याचं माप ठरवलंय. तेवढं पाणी चंद्रावर न्यायचं तर ५५० कोटी. संपूर्ण चांद्रयान-३ मोहिमेला सुमारे ६०० कोटी रुपये लागले होते. एका माणसाच्या एका दिवसाच्या पाण्याचं भाडं जवळपास चांद्रयान-३ एवढं! आणि १० हजार लिटरचा टँकर न्यायचा म्हटलं तर एक लाख कोटी.

म्हणून तिथं माणूस राहायचा असेल, तर पाणी तिथंच मिळालं पाहिजे. ते नुसतं प्यायलाच लागतं असं नाही. पाण्यात वीज सोडली की त्याचे दोन वायू वेगळे होतात. ९ किलो पाण्यातून ८ किलो ऑक्सिजन आणि १ किलो हायड्रोजन निघतो. एका लिटरमधून निघणारा ऑक्सिजन एका माणसाला दिवसभर श्वासाला पुरतो. आणि हेच दोन वायू द्रवरूप करून रॉकेटला इंधन म्हणून वापरता येतात. ज्या एलव्हीएम-३ रॉकेटनं चांद्रयान-३ नेलं, त्याच्या वरच्या टप्प्यातलं क्रायोजेनिक इंजिन याच जोडीवर चालतं. म्हणजे चंद्रावर पाणी लागलं, तर तीच तिथली विहीर आणि तोच पेट्रोल पंप.

मग अजून बोअर का नाही मारला?

कारण गाडी रानात पोचवणंच महाकठीण आहे.

७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे चांद्रयान-२ चा विक्रम लँडर उतरताना कोसळला, ती रात्र आपल्यातल्या अनेकांनी टीव्हीसमोर जागून काढली होती. १९ ऑगस्ट २०२३ ला रशियाचं लुना-२५ चंद्रावर आदळून फुटलं. त्यानंतर चारच दिवसांनी, २३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चांद्रयान-३ अलगद उतरलं. तोवर दक्षिण ध्रुवाच्या इतक्या जवळ कुणीच उतरलं नव्हतं.

पण इथंही एक गैरसमज आहे. आपण अगदी ध्रुवावर उतरलो नाही. आपली 'शिवशक्ती' जागा ध्रुवापासून सुमारे ६०० किलोमीटर अलीकडं आहे. सरळ रेषेत पुणे ते नागपूर जेवढं अंतर, जवळपास तेवढं. तरी तिथं एक मोठी गोष्ट कळली. लँडरच्या उपकरणानं मातीत एक तापमापक खुपसला. वर तापमान ५० अंशांच्या पुढं होतं आणि फक्त ८ सेंटिमीटर खाली, म्हणजे चार बोटं खाली, उणे १० अंश. चंद्राची वरची माती उष्णता खाली जाऊच देत नाही, गोधडीसारखं काम करते. म्हणजे थोडं खाली बर्फ टिकून राहायला जागा आहे.

ध्रुवाजवळ अडचणी वाढत जातात. ऊन तिरपं, सावल्या लांबच लांब, त्यामुळं खाली दगड आहे का खड्डा हे कॅमेऱ्याला ओळखू येत नाही. खड्ड्यात उतरलं तर सोलरला ऊन नाही, पृथ्वीशी थेट रेंज नाही आणि थंडीनं बॅटरी मरते. चांद्रयान-३ चे विक्रम आणि प्रज्ञान १४ दिवसांचा चांद्रदिवस काम करून झोपवले, ते रात्रीच्या गारठ्यानंतर पुन्हा जागे झालेच नाहीत. ठरलेलं काम मात्र त्यांनी पूर्ण केलं होतं.

सगळ्यात चुटपुट लावणारी गोष्ट ६ मार्च २०२५ ची. अमेरिकेतल्या खासगी कंपनीचं 'अथेना' यान दक्षिण ध्रुवाजवळ उतरलं. त्यावर नासाचं एक मीटर खोल जाणारं ड्रिल होतं. म्हणजे बोअरची गाडी रानात पोचली होती! पण उतरताना यान आडवं झालं आणि एका खड्ड्यात पडून राहिलं. ड्रिल हललं, पण मातीत शिरलं नाही. एका दिवसात मोहीम आटोपली.

आता पुढं कोण कोण जाणार?

चांग-ई ७ (चीन): ही मोहीम २०२६ साठी आखलेली आहे. यात लँडर आणि गाडी तर आहेच, शिवाय टोळासारखं उडी मारत सावलीतल्या खड्ड्यात जाणारं एक छोटं यानही आहे. तिथल्या मातीत पाणी आहे का, हे ते जागेवरच तपासणार. चीनचा अनुभव दांडगा आहे. जून २०२४ मध्ये त्यांच्या चांग-ई ६ ने चंद्राच्या आपल्याला कधीच न दिसणाऱ्या मागच्या बाजूची जवळजवळ दोन किलो माती पृथ्वीवर आणली.

वायपर (अमेरिका): ही पाणी शोधणारी चारचाकी गाडी. एक मीटरचं ड्रिल बरोबर. २०२४ मध्ये खर्च वाढल्यामुळं नासाने ही मोहीम रद्द केली होती. २०२५ मध्ये पुन्हा हालचाल झाली आणि ब्लू ओरिजिन कंपनीच्या यानातून ती २०२७ मध्ये पाठवायचं ठरलं.

आर्टेमिस (अमेरिका): माणसांना पुन्हा चंद्रावर नेण्याचा हा कार्यक्रम. यातली आर्टेमिस-२ ही चार अंतराळवीरांनी चंद्राला वळसा घालून परत येण्याची मोहीम, उतरण्याची नव्हे. पुढच्या मोहिमांमध्ये माणसं दक्षिण ध्रुवाच्या भागात उतरवायचा बेत आहे.

चांद्रयान-४ (भारत): केंद्रीय मंत्रिमंडळानं १८ सप्टेंबर २०२४ ला याला मंजुरी दिली. खर्च २,१०४ कोटी रुपये. आपण माती परीक्षणाला नमुना पाठवतो ना, तसंच हे काम आहे. चंद्रावर उतरायचं, माती उचलायची, पुन्हा उडायचं आणि नमुना पृथ्वीवर आणायचा. त्यासाठी यानाचे भाग दोन रॉकेटमधून पाठवून अंतराळात एकमेकांना जोडावे लागणार. ही जोडणी आपल्याला जमते हे १६ जानेवारी २०२५ ला 'स्पेडेक्स' मोहिमेत सिद्ध झालंय.

चांद्रयान-५ किंवा लूपेक्स (भारत आणि जपान): आपल्या दृष्टीनं खरा बोअर हाच. रॉकेट जपानचं, लँडर भारताचा आणि गाडी जपानची. प्रज्ञान गाडी २६ किलोची होती, ही शेकडो किलोंची असणार. दीड मीटर खोल ड्रिल करून वर आलेल्या मातीत पाणी किती, हे तिथंच मोजायचं. मार्च २०२५ मध्ये सरकारनं या मोहिमेला मंजुरी दिली.

या तारखा पुढं-मागं होऊ शकतात. अंतराळाच्या कामात वेळापत्रक सरकणं नवं नाही. त्यामुळं 'अमुक तारखेला चंद्रावर पाणी सापडणार' असा मेसेज आला, तर पुढं ढकलू नका.

पाणी लागलं तर मालक कोण?

पाण्यावरून भांडण कसं होतं हे आपल्याला सांगायची गरज नाही. शेजाऱ्यानं खोल बोअर घेतला की आपली विहीर आटते. म्हणून तर गावच्या पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेता येत नाही, असा कायदा महाराष्ट्रात करावा लागला.

चंद्रासाठी १९६७ चा आंतरराष्ट्रीय करार आहे आणि भारत त्यात सहभागी आहे. त्यानुसार चंद्राच्या कुठल्याही भागावर कुठलाही देश मालकी सांगू शकत नाही. पण तिथलं पाणी काढून वापरायचं का, हे त्यात स्पष्ट लिहिलेलं नाही. अमेरिकेनं पुढाकार घेतलेला 'आर्टेमिस करार' म्हणतो, की साधनसंपत्ती काढणं म्हणजे जमिनीवर मालकी सांगणं नव्हे. एकमेकांच्या कामात अडथळा नको म्हणून सुरक्षित अंतर ठेवायचीही त्यात तरतूद आहे. भारतानं २१ जून २०२३ ला त्यावर सही केली. चीन आणि रशिया त्यात नाहीत, ते चंद्रावर आपला वेगळा तळ उभारायच्या तयारीत आहेत. आणि चांगल्या जागा मोजक्याच आहेत. जवळ बर्फ असावा आणि उंचावर भरपूर ऊनही मिळावं, अशा जागी सगळ्यांचाच डोळा आहे. त्यामुळं नियम ठरवायच्या बैठकीत बसायचं असेल, तर तिथपर्यंत पोचायची ताकद दाखवावी लागते. बांधावर उभं राहून सल्ला देणाऱ्याचं कुणी ऐकत नाही.

जाता जाता एक सावधगिरी. 'चंद्रावर प्लॉट घ्या, सातबारा मिळवा' अशा जाहिराती मोबाइलवर येतात. जिथं देशालाच मालकी नाही, तिथं प्लॉट विकणारा आला कुठून? त्या कागदाला कसलीही कायदेशीर किंमत नाही. पैसे पाठवू नका.

"आमच्या रानात पाणी नाही, चंद्रावरचं काय घेऊन बसलात?"

हा प्रश्न पारावर हमखास निघतो आणि तो चुकीचा नाही. सरळ सांगायचं तर चंद्रावरचं पाणी आपल्या रानात कधीच येणार नाही.

पण दोन गोष्टी बघा. चांद्रयान-३ चा खर्च १४० कोटी लोकांत वाटला तर माणशी सव्वाचार रुपयांच्या आसपास येतो. चांद्रयान-४ चा साधारण १५ रुपये. गावातला एक चहा-वडापाव.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. चांद्रयान-२ चा लँडर पडला, पण चंद्राभोवती फिरणाऱ्या त्याच्या यानावर दोन प्रकारच्या लहरींचं रडार होतं. एल-बँड आणि एस-बँड या लहरी मातीत थोड्या आत शिरतात, म्हणून त्यांनी चंद्रावरचा बर्फ शोधता येतो. याच दोन प्रकारच्या लहरी वापरणारा 'निसार' हा उपग्रह इस्रो आणि नासाने मिळून ३० जुलै २०२५ ला सोडलाय. तो चंद्राकडं नाही, आपल्याकडं बघतो. ढग असोत की रात्र, दर १२ दिवसांनी तीच जमीन पुन्हा टिपतो. मातीतली ओल, पिकाखालचं क्षेत्र, पूर आणि डोंगराचं सरकणं त्यातून कळू शकतं. चंद्रावर बर्फ शोधायची आणि शिवारातली ओल मोजायची विद्या एकच आहे. ही माहिती तलाठ्याच्या पंचनाम्यापर्यंत आणि पीकविम्याच्या दाव्यापर्यंत पोचली पाहिजे, ही मागणी मात्र आपणच लावून धरायची आहे.

आणि हे काम लांब कुठंतरी होतं असंही नाही. चांद्रयान-३ नेणाऱ्या रॉकेटला बाजूनं जोडलेल्या दोन मोठ्या बूस्टरचे भाग इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरच्या कारखान्यात बनलेत. साखर कारखान्यांची यंत्रं बनवणारी तीच ती कंपनी. मुंबईत विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात रॉकेटची इंजिनं तयार होतात. आयटीआय केलेल्या वेल्डर-फिटरचे हात त्यात आहेत.

आपल्या पोरांसाठी

नववीतल्या मुलामुलींसाठी इस्रो 'युविका' नावाचं शिबिर घेते. नोंदणी इस्रोच्या वेबसाइटवर ऑनलाइन होते. निवडीत आठवीचे मार्क धरतात आणि ग्रामीण भागातल्या शाळेत शिकणाऱ्यांना जादा गुण मिळतात. राहण्या-जेवणाचा खर्च इस्रो करते. शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना किंवा मॅडमना आजच विचारून ठेवा. आज नववीत असलेलं पोर २०४० मध्ये तिशीच्या आसपास असेल, आणि भारतीय माणूस चंद्रावर उतरवायचं लक्ष्य २०४० चंच आहे.

तोवर मोबाइलवर 'चंद्रावर पाणी सापडलं' असं वाचलं, की एकच प्रश्न विचारा: सर्वेत सापडलं, की बोअरला लागलं? आज तरी उत्तर सर्वेतलं आहे. ज्या दिवशी ड्रिलच्या टोकाला बर्फ लागेल, त्या दिवशी खुशाल पेढे वाटा.